कंपनी, पाव आणि रामनाथ सावे

माणसाने मत्सर करू नये असं सांगणारी मंडळी बहुधा रामनाथ साव्याच्या खालच्या मजल्यावर राहत नसावीत. मी राहतो. बोईसरला, ‘स्नेहसागर’ सोसायटीत, बी विंगमध्ये, त्याच्या बरोबर खाली. त्याच्या घरी खुर्ची सरकली तरी मला ऐकू येतं आणि त्याचं कौतुक झालं तरी ऐकू येतं. खुर्ची परवडते.

रामनाथ आणि मी तारापूरच्या एकाच कंपनीत. तो लॅबमध्ये, मी स्टोअरमध्ये. कँटीनच्या खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही पाच-सहा जण वर्षानुवर्षं एकत्र जेवत आलो. त्या टेबलाचे काही नियम होते. डबा उघडला की भाजी झाकणात काढायची आणि झाकण मधोमध सरकवायचं. पहिला घास दुसऱ्याच्या झाकणातला घ्यायचा, स्वतःचा नाही. आणि कौतुक करायचं नाही. कौतुक पाहुणे करतात. या नियमांना धरून रामनाथ रोज माझ्या झाकणातला पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “वहिनींनी आजही मीठ कमीच घातलंय.”

रोज. पडवळाला, वालाला, गणपतीतल्या ऋषीच्या भाजीलासुद्धा. मी रोज चिडायचो. घरी येऊन नलूला सांगितलं तर ती म्हणायची, “अहो, मग चवीला कमी असेल.” सख्खी बायको!

तर या माणसाने गेल्या दिवाळीनंतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजचा शब्द’ नावाचं प्रकरण सुरू केलं. रोज सकाळी एक साधा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, मग काय झाला, हे सोप्या मराठीत लिहायचं. पहिलाच शब्द ‘सॅलरी’. म्हणे या शब्दाचं नातं लॅटिनमधल्या मिठाशी आहे. खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात यांचा नुसता पाऊस. ज्याने माझ्या डब्यातल्या मिठावर इतकी वर्षं तोंडसुख घेतलं, त्याला मिठावरच कीर्ती मिळाली! कच्चा माल माझा होता, पण स्टोअरवाल्याला श्रेय देण्याची पद्धत कुठेच नाही.

पुढे नलू सकाळचा चहा गाळता गाळता रामनाथचा शब्द मोठ्याने वाचू लागली. “ऐका हो, शँपू हा आपल्या चंपीवरून गेलाय!” गाळणी एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात, चहा ओट्यावर. लिफ्टमध्ये लोक रामनाथला ‘सर’ म्हणू लागले. मला मात्र अजूनही “राऊत काका, पाण्याचा टँकर आला का?” एवढंच विचारतात.

मी कँटीनच्या टेबलावर जाणं सोडलं. ॲसिडिटी झाली असं सांगितलं. स्टोअरमध्ये गॅस्केटच्या खोक्यांमध्ये बसून एकटा जेवायचो. एकदा फारच कंटाळा आला म्हणून डिस्पॅचवाल्यांच्या टेबलावर डबा घेऊन गेलो. त्यांनी सरकून जागा केली, नलूची भाजी घेतली आणि सगळे एका सुरात म्हणाले, “वा! फारच छान!” आग्रह करकरून मला वाढलं. मी तिथे पुन्हा गेलो नाही. का, ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. भाजीला नाव न ठेवल्याचा राग येणारा मी जगातला पहिलाच माणूस असेन.

अशा मनःस्थितीत माणूस एकतर देवाला लागतो किंवा सुडाला. मी शब्दाला लागलो. ठरवलं, असा एक शब्द शोधायचा की रामनाथने उरलेल्या आयुष्यात तोंड उघडू नये. पण जो शब्द पकडावा तो याने आधीच वापरून टाकलेला. ‘बंगलो’ झाला होता, ‘जंगल’ झालं होतं, ‘शुगर’ तर मधुमेहाच्या सल्ल्यासकट झाली होती. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या मेघालीला फोन केला तर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही स्टोअरच्या शब्दांवर लिहा ना. गॅस्केट वगैरे.” मुलगी माझी, पण विनोदबुद्धी आईची.

आणि एक दिवस कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या माझं लक्ष माझ्याच ओळखपत्राकडे गेलं. कंपनी! बोईसरमध्ये जन्मणारं मूल ‘आई’नंतर हाच शब्द शिकत असेल. “कुठे निघालात?” “कंपनीत.” “जावई काय करतो?” “कंपनीत आहे.” “एकटाच चाललोय रे, कंपनी दे.” आणि इतका रोजचा शब्द रामनाथने घेतलाच नव्हता! मी मोबाईलवर शोधलं आणि माझा उतरायचा थांबा गेला. ‘कॉम’ म्हणजे सोबत आणि लॅटिन ‘पानिस’ म्हणजे भाकर, पाव. कंपनी म्हणजे मुळात एकत्र बसून पाव खाणारी माणसं. त्यावरून सोबती, त्यावरून सोबत, मग व्यापाऱ्यांची टोळी, आणि शेवटी आमची धुरांडी. त्याहून कहर म्हणजे त्याच पानिसचा पोर्तुगीजांनी ‘पांव’ केला आणि त्यांच्याकडून तो आपल्याकडे ‘पाव’ होऊन आला. म्हणजे कंपनी आणि वडापावातला पाव ही चुलत भावंडं! मी पुढच्या थांब्यावरून उन्हात चालत आलो, पण उन्हाचं काही वाटलं नाही.

हा शब्द ग्रुपवर टाकून वाया घालवणं मला मंजूर नव्हतं. जाहीर व्याख्यान करायचं. सोसायटीच्या हॉलमध्ये. प्रत्येकाच्या हातात एक पाव द्यायचा आणि मी ‘पानिस’ म्हणताच सर्वांनी तो एकदम मोडायचा. रामनाथने नुसते शब्द दिले. मी शब्द खाऊ घालणार होतो. आमच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारी, म्हणून दिवस शुक्रवार, वेळ संध्याकाळची. या वाराचा नीट विचार कर असं मला कुणीही सांगितलं नाही, हे इथे नमूद करून ठेवतो.

सल्ले मात्र बाकीचे सगळे मिळाले. पहिल्या मजल्यावरच्या माई म्हणाल्या, “शब्दावर काय बोलतोस पुंडलिक, गुडघ्यावर बोल. गर्दी होईल.” समोरच्या हेतलबेनना वाटलं की नुसता पाव कोण खाणार, सोबत भाजी ठेवा. नलूने तर कळसच केला. “अहो, एकदा सावे भाऊजींना दाखवून घ्या ना. त्यांना सवय आहे.”

त्याच रात्री लिफ्टमध्ये तो भेटला. “शुक्रवारी काहीतरी आहे म्हणे तुझं?”

“आहे किरकोळ.”

“कुठला शब्द?”

“तो तिथेच कळेल.”

त्याने मजल्यांच्या आकड्यांकडे बघितलं. मग म्हणाला, “मी येऊ?”

“तुला वेळ असला तर बघ,” मी म्हणालो. ज्या आवाजात आपण वर्गणी मागायला आलेल्यांना ‘नंतर या’ म्हणतो त्या आवाजात. तो “बरं” म्हणाला आणि माझा मजला आल्यावर मी उतरलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोकडून, वत्सला वहिनींकडून, नलूला कळलं की शुक्रवारी ते दोघं सातपाटीला मासळी आणायला जाणार आहेत. मला आनंद झाला. तो म्हणावा तितका झाला नाही, पण झाला.

आता हॉल. आमचा सेक्रेटरी धीरज घरत हा तरुण आहे, पण नियमांच्या बाबतीत त्याचा जन्म ब्रिटिशकाळातला असावा. “काका, व्याख्यान कशात बसवू? आपल्या नियमात दोनच प्रकार आहेत. मंगलकार्य आणि शोकसभा.”

“मग मंगल घाल. ज्ञानाहून मंगल काय आहे?”

“मंगलला डिपॉझिट, बँडचं हमीपत्र, केटररचा परवाना आणि शेजारच्या विंगची ना हरकत लागते. शोकसभेला काही लागत नाही. तेवढी माणुसकी ठेवलीय आपण.”

“अरे, पण मेलंय कोण?”

“ते नियमात विचारलेलं नाही,” धीरज म्हणाला. त्याने ‘शोकसभा’वर खूण केली आणि मी सही केली. माझ्या आयुष्यात सरकारी-निमसरकारी कामं इतक्या सहज कधी झाली नव्हती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शुक्रवारी दुपारी बेटेगावच्या बेकरीत पाव आणायला गेलो. बेकरीवाल्याने लाद्या बांधता बांधता विचारलं, “साहब, शादी है क्या?” मी म्हणालो, “व्याख्यान है.” तो म्हणाला, “अच्छा, अच्छा,” आणि दिलगिरीच्या चेहऱ्याने वर आणखी एक लादी घातली. मी रिक्षात पावांच्या मांडीवर, म्हणजे पाव माझ्या मांडीवर, असा घरी आलो. भाषणाची तोंडपाठ तालीम करताना व्यत्यय नको म्हणून मोबाईल बंद केला. नलूचा घरी चार्जिंगला राहिला आणि ती हॉलमध्ये ताटल्या मांडायला गेली.

सहा वाजता हॉल अर्धा भरला. पुढच्या दोन रांगा बायकांनी भरलेल्या, मधोमध माई. मी घसा साफ केला आणि नलूने पावाचं पहिलं ताट पुढे केलं. माईंनी हात असा मागे घेतला, जसा काही ताटात विंचू होता.

“आज शुक्रवार आहे ना रे?”

“हो. कंपनीला सुट्टी असते म्हणून...”

“संतोषीमातेचा उपास असतो आमचा. आंबट चालत नाही. खायचं नाही, शिवायचं नाही, वाटायचं नाही.”

“माई, पाव कुठे आंबट असतो?”

“आंबवलेला असतो की! बेकरीत काय देवळातून प्रसाद येतो?”

यावर हॉलमध्ये जी चर्चा झाली तशी त्या हॉलने कधी ऐकली नसेल. एकीचं म्हणणं, ताक आंबट, पाव आंबट नव्हे. हेतलबेनचं म्हणणं, पावात यीस्ट असतं म्हणजे विषय संपला. तिसरीच्या नणंदेने शुक्रवारी ढोकळा खाल्ला होता आणि तिच्या दिराची गाडी झाडावर गेली होती. पुरुषांनी बायकांकडे बघून आपले पाव हळूच ताटात परत ठेवले. शेवटी माईंनी निकाल दिला. जिथे आंबट वाटलं जातं तिथे उपासकरणीने बसायचंही नाही; तेव्हा एकतर पाव बाहेर जातील नाहीतर त्या. पाव बाहेर गेले. माझं अख्खं व्याख्यान ताटात घालून पार्किंगमध्ये गेलं.

निदान नोंदी तरी वाचाव्यात म्हणून मी मोबाईल सुरू केला, कारण भाषण त्यात होतं. तो सुरू होताच थरथरायला लागला आणि थांबेना. हॉलच्या आरक्षणाची सूचना ग्रुपवर टाकायची धीरजची पद्धत आहे, ती त्याने टाकली होती: ‘आज सायं. ६ वा. शोकसभा. पुंडलिक राऊत, बी विंग.’

आणि त्याच्या खाली, सातपाटीहून, रामनाथ सावे.

‘आमचा पुंडलिक गेला. माणूस चिडका होता, पण स्टोअरमधली वस्तू त्याने कुणाला कधी अडवून ठेवली नाही. त्याच्या झाकणातला पहिला घास वर्षानुवर्षं मी खाल्ला आणि रोज म्हणालो, मीठ कमी आहे. मीठ कधीच कमी नव्हतं. चिडला की तो दोन घास जास्त जेवायचा, एरवी चिमणीसारखा खायचा, म्हणून म्हणायचो. गेले काही महिने तो टेबलावर येत नव्हता. मी एकदा त्याला विचारायला हवं होतं. राहून गेलं.’

माझे डोळे भरून आले. खरंच आले. आणि भरल्या डोळ्यांनीच मला दिसलं की माझ्या मृत्यूवर त्याला ‘सॅलरी’च्या दुप्पट जोडलेले हात मिळाले होते! काय लिहितो हा माणूस! माझं मरण, पण दाद त्यालाच. त्या हातांमध्ये एक जोडी हेतलबेनची होती. त्या माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

“हेतलबेन, मी इथे उभा आहे!”

“सगळे टाकत होते ने, म्हणून मी पण टाकले,” त्या म्हणाल्या.

मी फोन लावणार एवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. ए विंगमधल्या आमच्या चुलतसुनेने ती सूचना इमानाने आमच्या गावी, पामला, पोचवली होती, आणि माझा थोरला चुलतभाऊ आनंदा पांढरी टोपी घालून अर्धं गाव घेऊन उतरला. मागून बायका टोपल्या उतरवत होत्या. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. भावकी भाकऱ्या आणि पिठलं घेऊन येते. आनंदा दारातून आत आला, त्याने मला व्यासपीठावर बघितलं, आणि टोपी काढली.

“पुंडलिक?”

“दादा, मी आहे. गेलो नाही.”

“नाय गेला?” त्याने मागे वळून बायकांना सांगितलं, “नाय गेला गं.” मग माझ्याकडे निरखून बघत जरा नाराजीनेच म्हणाला, “आमी वाडीतली कामं टाकून आलो. बायका दुपारपासून भाकऱ्या थापतात. आता ह्या काय परत न्यायच्या? ज्या घरासाठी केल्या त्याच घरानं खायच्या. बसा सगले!”

माईंनी टोपलीवरचं फडकं उचललं. तांदळाच्या भाकऱ्या, अजून मऊ. “पिठल्यात आंबट?”

“काय नाय. मरणाच्या पिठल्यात कोण आमसूल घालते?”

“मग उपास सोडायला चालेल,” माई म्हणाल्या. खुर्च्या सरकल्या, सतरंज्या आल्या, आणि जो हॉल माझ्या व्याख्यानाला अर्धाच भरला होता तो माझ्या दुखवट्याला पूर्ण भरला. पार्किंगमधले पाव आनंदाने टेम्पोत चढवायला सांगितले. पामला त्या दिवशी कुणाचा शुक्रवार नव्हता.

मी व्यासपीठावर तसाच उभा होतो. माझ्यासमोर सगळी सोसायटी आणि सगळी भावकी मांडीला मांडी लावून भाकरी मोडत होती. नेमकं हेच मला दाखवायचं होतं, आणि ते सांगायला माझी कुणालाही गरज नव्हती.

तेवढ्यात दारात रामनाथ आला. सातपाटीहून रिक्षा करून, घामाघूम, हातात पापलेटांची पिशवी आणि डोळे सुजलेले. मागे वत्सला वहिनी. माई ओरडल्या, “ती पिशवी बाहेर!” त्याला ऐकू गेलं नाही. तो सरळ माझ्याकडे चालत आला.

“मेला नाहीस?”

“नाही.”

“मग फोन का बंद होता तुझा, गाढवा?” एवढं म्हणून तो मटकन खाली बसला. वत्सला वहिनींनी पिशवी काढून बाहेर नेली. मीही खाली बसलो. नलूने आमच्यात दोन भाकऱ्या ठेवल्या, आणि ताटल्या संपल्या होत्या म्हणून पिठलं एका डब्याच्या झाकणात वाढून झाकण मधोमध सरकवलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. मला दुसरं काही सुचेना. “माझा शब्द कंपनी होता,” मी म्हणालो. “कॉम म्हणजे...”

“सोबत. आणि पानिस म्हणजे पाव,” रामनाथ म्हणाला. “एकत्र जेवणारी माणसं.”

“तुला माहीत होता?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग टाकला का नाहीस?”

“टेबलावर तुझी जागा रिकामी,” तो भाकरीकडे बघत म्हणाला. “कुठल्या तोंडाने टाकणार होतो?”

मला फार बरं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी जळफळाटही झाला. म्हणजे हाही शब्द त्यालाच आधी सापडला होता! मी बसचा थांबा चुकवला, उन्हात चाललो, पाव मांडीवर घेऊन आलो, मेलोसुद्धा, आणि तरी हा माणूस माझ्या पुढेच!

रामनाथने भाकरीचा तुकडा मोडला, झाकणातल्या पिठल्यात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

मी असा चिडलो की विचारू नका. आणि दोन घास जास्त जेवलो.